लेकराले खेळू द्या, आपण मधात नका पडू

नमस्कार मंडळी. आज पोळा, घरोघरी पुरण शिजून राहिलं असंल, बैल सजून झाले असतील, आणि उद्या तान्हा पोळा म्हणून लेकरांनी लाकडी बैलासाठी बापामागं भुणभुण लावली असंल. माझं म्हणणं एवढंच, उद्याचा बैल लेकराले स्वतः सजवू द्या. आजकाल बक्षिसाच्या नादात बापच बेगड चिकटवते, मायच झूल शिवते, अन् पोरगं नवे कपडे घालून फोटोपुरतं दोरी धरून उभं. मग खेळलं कोण?

लेकराले खेळ शिकवा लागत नाही बाप्पा, सामान द्या अन् वेळ द्या. कडब्याच्या पेंडीतून दोन धांडे काढून द्या. साल सोलली का आत पांढरा मऊ गाभा निघते, त्याचे तुकडे पाडायचे, सालीच्याच काड्या टोचून जोडायचे, झाली बैलगाडी. पहिल्यांदा ती एका अंगाला झुकते, पोरगं चिडते, मोडते, परत मोजून कापते. तिथंच आपले हात शिवशिवतात, "आण इकडे, मी करून देतो." नका देऊ, दोन्हीकडचं माप सारखं पाहिजे हे त्याले आत्ताच समजून राहिलं आहे. (सालीले धार असते, बोट कापते, तेवढं पहिलेच सांगून ठेवा.)

घरी आजी असंल तर अष्टचंग मांडून द्या. ओसरीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखायची, चार चिंचोके घासून एका बाजूनं पांढरे करायचे, चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. पाढे म्हटलं का रडणारं पोरगं आजीची सोंगटी किती घरं मागं आहे ते बोट न लावता सांगते. पण मधातच "सांग बरं आठ अन् तीन किती" विचारलं का खेळ खलास, परीक्षा सुरू.

आपल्या वर्ध्यालेच १९३७ साली शिक्षण परिषद भरली होती, हातानं काम करता करता शिकावं हे गांधीजींनी तिथं मांडलं, नई तालीम म्हणतात ते. अन् आपण तीन वर्षांच्या लेकराले कॉन्व्हेंटचा होमवर्क घेऊन बसवतो!

मोबाईलचं म्हणाल तर वावरात जायच्या घाईत आपण देतोच हातात, मी कोणाले नावं ठेवत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगून ठेवलं आहे, दोन ते चार वर्षांच्या लेकराले दिवसातून १ तासाच्या वर स्क्रीन नको, अन् निदान ३ तास अंगाची हालचाल पाहिजे. कमी दाखवाल तेवढं बरं.

आता मोकळं सोडा म्हणजे लक्षच देऊ नका असं नाही. फवारणीच्या औषधाचे डबे, रिकामे असले तरी, कुलपात पाहिजे. विहिरीवर जाळी आहे का बघा, पावसाळ्यात लाकडाच्या ढिगात साप-विंचू असते. हे एकदा पाहून घेतलं का मग आपल्या कामाले लागा.

थोड्या वेळानं पोरगं येईलच, "माय, काही सुचून नाही राहिलं." बरं म्हणा अन् भाकर थापत रहा. तरी नाहीच हललं तर बरबटीच्या शेंगा सोलाले द्या, दाण्यांच्या रांगा लावत बसते मग, अन् भाजीचंही काम होते.