काठाला का नाही आलात?

नमस्कार, श्रोतेहो.

मी सांगलीचा. पोहायला कृष्णेत शिकलो, शिडाची बोट चालवायला मात्र फार उशिरा, गोव्यात. मे महिना सरत आला असताना आम्ही तिघे ३० फुटी बोटीतून मुंबईकडे निघालो. निघायला दोन दिवस उशीर केला, ती चूक आमचीच. रत्नागिरीजवळ नैर्ऋत्येचा वारा उठला. पुढे घरी सगळं सांगितलं तेव्हा आत्यानं एवढंच विचारलं, "किनारा दिसत हुता न्हवं? मग काठाला का न्हाई आलास?"

तिन्हीसांजेला किनारा १० मैलांवर होता. दीपगृहाचा दिवा दिसायला लागला होता. पोटातलं सगळं ढवळत होतं आणि मन त्या दिव्याकडे ओढ घेत होतं. तरी आम्ही नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, समुद्राकडे वळवली आणि मध्यरात्रीपर्यंत १२ मैल आणखी आत गेलो.

वाऱ्यानं शाळवाच्या रानातून लाट पळताना तुम्ही पाहिली असेल. लाट बांधापर्यंत जाते, ज्वारीचं ताट जागेवरच डुलतं. खोल समुद्रात पाण्याचं तसंच असतं. बोट वर चढते, खाली उतरते. तळ जवळ आला की मात्र लाटेचा पाय अडतो, ती उभी राहते आणि फुटते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, तिथे तर विचारूच नका. फुटणारी लाट छोटी बोट आडवी करते.

मध्यरात्री वारा ताशी ७० किलोमीटरच्या वर गेला. डोलकाठीच्या तारा किंचाळत होत्या, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. कमरेचे पट्टे बोटीला अडकवून आम्ही मोठं शीड गुंडाळत गुंडाळत तिसऱ्या हिश्श्यावर आणलं. पुढचं छोटं शीड मुद्दाम उलट्या बाजूला, वाऱ्याकडे ताणून बांधलं आणि सुकाणूही बांधून टाकलं. ते शीड नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलतं, सुकाणू तिला परत वाऱ्याकडे आणतं. या ओढाताणीत बोट जवळजवळ थांबते आणि लाटांना तिरकी तोंड देत राहते. दर्यावर्दी याला 'हिव्ह टू' म्हणतात. दोन मिनिटांत धडधड निम्म्यानं कमी झाली. मला रडू आलं, ते तेव्हा.

बोट थांबते म्हणजे अगदी थांबत नाही. तासाला दीड मैल ती किनाऱ्याकडे सरकत होती. नांगर त्या खोलीत तळाला लागणारच नव्हता. म्हणून ते १२ मैल कमावून ठेवले होते. पाळीपाळीनं हातपंपानं पाणी उपसायचं आणि तासातासाला नकाशावर खूण करायची, एवढंच काम उरलं. सकाळी नऊला वारा पडला तेव्हा किनारा पुन्हा ९ मैलांवर आला होता. सुरुवातीलाच दिव्याकडे गेलो असतो तर?

बोट सोडायचा विचारही मनात येतो. १९७९ साली इंग्लंडजवळच्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळात १५ खलाशी गेले. लोक २४ बोटी सोडून गेले होते. त्यातल्या १९ नंतर तरंगताना सापडल्या. हे आठवून मी बोटीचा कठडा घट्ट धरला होता.

आत्याला लाटांचं गणित पटेना. मग तिला २०१९ चा पूर आठवायला सांगितला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिला माडीवरून उतरवणारा नावाडी भर पाण्यात निर्धास्त होता. गल्लीत शिरल्यावर मात्र तो काठीनं चाचपत, इंचाइंचानं सरकला. बुडालेली कुंपणं, विजेच्या तारा, गाड्यांचे टप, याचीच त्याला धास्ती होती.

आत्या बराच वेळ गप्प राहिली.

"व्हय," ती म्हणाली, "भिताडाला लागंल म्हून त्यो लई भ्याला हुता."

मग उठून तिनं माझ्यासाठी चहा टाकला.