नाशिकची लोगान आणि रोमानियातला कामगार

श्रोतेहो, नमस्कार. महिंद्र आणि रेनो यांनी मिळून नाशिकला बनवलेली 'लोगान' तुमच्यापैकी काहींनी चालवलीही असेल. मूळ गाडी रोमानियाची, मिओवेनी गावातल्या दाचिया कारखान्याची. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट १९८९ मध्ये कोसळली आणि दहा वर्षांनी हा सरकारी कारखाना रेनो या फ्रेंच कंपनीने विकत घेतला. तिथली मजुरी स्वस्त होती, हे त्यामागचं मोठं कारण.

जानेवारी २००७ मध्ये रोमानिया युरोपीय संघात गेला. इटली आणि स्पेनकडे कामासाठी जाणारी रीघ आधीच लागली होती, ती वाढली. मागे राहिलेल्या कामगाराचा भाव वधारला. मार्च २००८ मध्ये दाचियात संप झाला, जवळपास तीन आठवडे चालला. फ्रान्समधल्या रेनोच्या कामगार संघटनांनी पाठिंबा दिला आणि भरघोस पगारवाढ पदरात पडली. युरोपात सामील होण्याचा हा फायदा, तो नाकारायचं कारण नाही.

पण लगेच मंदी आली. २००९ मध्ये नाणेनिधी, युरोपीय संघ आणि जागतिक बँकेकडून सुमारे वीस अब्ज युरोंचं कर्ज मंजूर झालं. पुढच्याच वर्षी सरकारी नोकरांचे पगार पंचवीस टक्क्यांनी कापले गेले. २०११ मध्ये आलेला कामगार कायदा तर संसदेत नीट चर्चाही न होता संमत झाला. सामूहिक करार म्हणजे संघटना आणि मालक यांनी पगार आणि कामाच्या अटींबद्दल मिळून केलेला करार. साऱ्या देशाला लागू असणारा असा करार त्याने मोडीत काढला. कंपनीत वाटाघाटी करायच्या तर निम्म्याहून अधिक कामगार संघटनेचे सभासद हवेत, अशी अट आली. संघटना काढायलाही एकाच कंपनीतले पंधरा जण लागू लागले. आता, ज्या दुकानात मुळात आठच माणसं कामाला, त्यांनी काय करायचं? पुढे नव्या सरकारने हा कायदा बदलायचं मनावर घेतलं, तेव्हा युरोपीय आयोग आणि नाणेनिधी दोघांनीही हरकत घेतली.

गंमत अशी की २०२२ मध्ये त्याच युरोपीय संघाने किमान वेतनाचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक असा आदेश, काढला. सामूहिक करारांच्या छत्राखाली ऐंशी टक्क्यांहून कमी कामगार असतील, तर ते प्रमाण वाढवण्याचा आराखडा द्या, असं त्यात आहे. म्हणजे जे मोडायला हातभार लावला, तेच पुन्हा उभारायचं! त्याच वर्षाअखेर रोमानियाने नवा कायदा केला. पन्नास टक्क्यांची अट पस्तीसवर आली आणि दहा कामगारांनाही संघटना काढता येऊ लागली. मालकांना वाटाघाटीला बसणं भाग आहे. करारावर सही करण्याची सक्ती मात्र त्यांच्यावर अजूनही नाही.