खाणीआधी कायदा

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

मला विषय दिलाय ‘आफ्रिकेतील शासन, दारिद्र्यनिर्मूलन आणि शाश्वत विकास’. खंडात देश ५४. सगळ्यांवर बोलायचं तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर येईल आणि तुमच्या वाट्याला डुलकी. म्हणून मी एकच देश घेतो, बोत्स्वाना. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, माणसं सुमारे २५ लाख, म्हणजे आपल्या पुण्यापेक्षाही कमी. बराचसा मुलूख कलहारीचा.

३० सप्टेंबर १९६६ रोजी हा देश स्वतंत्र झाला तेव्हा डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर. पदवीधर २२. ब्रिटिशांनी कारभार हाकला तो दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगमधून, राजधानीसुद्धा हद्दीबाहेर! वरून दुष्काळ. गुरं हेच धन, आणि तीच पटापट मरत होती. सरकारचा रोजचा खर्चही ब्रिटनच्या अनुदानावर चालायचा.

पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. आता इथे जरा थांबू, कारण खरी गोष्ट हिऱ्यांची नाहीच. ओरापाची जमीन बामांग्वाटो जमातीची. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या गादीचे वारस. गोऱ्या मुलीशी लग्न केलं म्हणून ब्रिटिशांनी त्यांना काही वर्षं देशाबाहेर ठेवलं होतं, गादीवरचा हक्क सोडायला लावला होता. या माणसाच्या घरच्या अंगणात हिरे निघाले म्हणा ना. आणि त्यांच्याच सरकारने १९६७ मध्ये कायदा केला की जमातींच्या जमिनीखालची खनिजं यापुढे राष्ट्राची. ओरापाची खाण सुरू झाली १९७१ मध्ये. म्हणजे मालकी कोणाची याचा निकाल आधी लागला, पैसा मागाहून आला. हा क्रम उलटा झाला असता तर प्रत्येक जमात आपापला खड्डा राखत बसली असती. सिएरा लिओनमध्ये हिऱ्यांच्या पैशावर यादवी पोसली गेली, ११ वर्षं.

हिऱ्यांच्या धंद्यातली बडी कंपनी डी बिअर्स हिच्याशी पहिला करार झाला तेव्हा खाणीत सरकारचा वाटा होता १५ टक्के. पुढे ज्वानेंगचा मोठा साठा हाती आहे म्हटल्यावर सरकार पुन्हा वाटाघाटीला बसलं आणि वाटा ५० टक्क्यांवर नेला. आरडाओरडा नाही, राष्ट्रीयीकरणाच्या घोषणा नाहीत. हिशेब येणारी माणसं मात्र सोबत नेली. परदेशी तज्ज्ञ ठेवायला लाजले नाहीत.

या सगळ्यामागचा माणूस म्हणजे क्वेट मासिरे. अर्थमंत्री, आणि १९८० पासून १९९८ पर्यंत राष्ट्राध्यक्ष. नियम असा की संसदेने मंजूर केलेल्या राष्ट्रीय योजनेत जे काम नाही, त्याला पैसा नाही, मग मंत्री कितीही वजनदार असो. पुढे नव्वदच्या दशकात अर्थखात्याने आणखी एक मोजपट्टी लावली: पगार, पेट्रोल, कार्यालयं हा रोजचा खर्च करांसारख्या बिगर-खनिज महसुलातून भागवायचा; हिऱ्यांचा पैसा रस्ते, शाळा, दवाखाने यांत घालायचा. उरेल तो पुला फंडात, म्हणजे देशाच्या शिलकीच्या गंगाजळीत. जमीन विकून आलेल्या पैशात लग्नाचा बार उडवू नये हे आपल्याकडे शहाण्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अर्थमंत्र्यांना मात्र लागतं.

त्यांच्याकडे ‘खोत्ला’ म्हणजे गावसभा असते. लाकडी ओंडक्यांचं अर्धगोल कुंपण, मध्ये गावचा प्रमुख, माणसं घरून खुर्च्या घेऊन येतात. मंत्री नवी योजना घेऊन आला तर त्यालाही तिथे बसून ऐकून घ्यावं लागतं. खोत्लेत बोललेला प्रत्येक शब्द सुंदर, अशी त्यांची म्हणच आहे. पण भाबडेपणा नको. बायकांना तिथे कित्येक वर्षं तोंड उघडता येत नव्हतं. आणि सान लोकांचा, ज्यांना बाहेरचे बुशमन म्हणतात, आवाज तिथे पोचलाच नाही. १९७५ च्या धोरणाने सामायिक कुरणांवर मोठ्या गुरेमालकांना कुंपणं घालू दिली, आणि सत्तेतले बरेच जण स्वतःच मोठे गुरेमालक होते! १९९७ आणि २००२ मध्ये सान कुटुंबांना मध्य कलहारी अभयारण्यातून उठवलं. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं, तरी त्यांना कूपनलिकेचा हक्क मिळायला २०११ उजाडलं, तोही अपिलात. सुशासनाचा आदर्श म्हणून या देशाची आरती ओवाळणारे अहवाल मी पुष्कळ वाचलेत; हे प्रकरण त्यांत फार तर तळटिपेत असतं.

एचआयव्हीच्या साथीत मात्र शिल्लक पैसा कामी आला. या शतकाच्या सुरुवातीला तिथे चारांतला किमान एक प्रौढ बाधित होता. राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांनी आपलं राष्ट्र नामशेष होऊ शकतं असं जगासमोर उघड सांगितलं, आणि २००२ पासून सरकारी दवाखान्यांत फुकट औषधं सुरू केली. शेजारी दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष तेव्हा विषाणूवरच शंका घेत होते.

मग आज काय? निर्यातीतला सिंहाचा वाटा अजून हिऱ्यांचाच. बेरोजगारी प्रचंड, विषमता जगातल्या सर्वांत वाईट देशांच्या पंगतीत. साहजिकच आहे, खाण पैसा देते, नोकऱ्या थोड्याच देते. आणि आता यंत्रात बनवलेल्या हिऱ्यांनी भाव पाडलाय. हे हिरे बनतात कुठे? चीनमध्ये, आणि आपल्या शेजारी सुरतेत. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात भाव हलला की तिकडे राजधानी गाबोरोनेत अंदाजपत्रक हलतं. २०२४ मध्ये लोकांनी ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष घरी बसवला; सत्तांतर शांतपणे झालं, हेही नोंदवलं पाहिजे. नवे राष्ट्राध्यक्ष डुमा बोको यांना ऑगस्ट २०२५ मध्ये औषधांच्या टंचाईमुळे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

आणि याच बोकोंना आता डी बिअर्स कंपनीतच बहुमताचा वाटा हवा आहे. त्या कंपनीतला १५ टक्के वाटा बोत्स्वानाकडे आधीच आहे. मुख्य मालक अँग्लो अमेरिकन कंपनी आपला वाटा विकायला निघालीय, तेव्हा संधी चालून आल्यासारखी वाटते. मला हा सौदा पटत नाही. १९६७ मध्ये प्रश्न होता जमिनीखालच्या मालाची मालकी कोणाची. आजचा प्रश्न तो माल घेणारं गिऱ्हाईक टिकतंय का हा आहे, आणि सगळी कंपनी विकत घेतली तरी गिऱ्हाईक काही तिच्यासोबत येत नाही.