तलावाचं दुसरं वर्ष

(अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गावाला जलतरण तलाव हवा की नको, यावर मी वेळ घालवत नाही. शेतोशेत शेततळी झाली. प्लास्टिकच्या कागदावरून घसरलेल्या पोराला वर येता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोरापोरींना पोहता आलंच पाहिजे. अडचण पैशाची आहे, आणि मघाशी मागून एका काकांनी विचारलंच, "बांधून तर देतीन जी, पण बिल कोण भरन?"

तिथूनच सुरुवात करू. बांधायला पैसा मिळतो. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी असतात. फक्त मतदारसंघात गावं किती, तेही मोजा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि त्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण आहे. पण त्यासाठी तुमची संस्था नोंदणीकृत हवी. वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या निधीच्या भरवशावर राहू नका. पंधराव्या आयोगात त्यातले 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले होते, आणि उरलेल्यावर गावातल्या प्रत्येक गल्लीचा डोळा.

हा सगळा पैसा सिमेंट-लोखंडाचा. फीत कापली की संपला; दुसऱ्या वर्षी तलाव चालवायला त्यातलं काही उरत नाही. नळयोजनेची टाकी उभी आहे आणि वीजबिल थकलं म्हणून मोटार बंद आहे, अशी गावं तुम्ही पाहिलीच असतील.

आता हिशेब करा. धरा, तलाव 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी 1.3 मीटर खोल, म्हणजे 4 लाख लिटर पाणी. आपल्या मे महिन्यात दिवसाला 10 मिलिमीटर पाणी उडालं, तरी रोज 3 हजार लिटर नुसतं हवेत गेलं. गावाला टँकर लागलेला असताना हे पाणी कोणत्या तोंडानं मागाल? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: स्पर्धेचा तलाव नको, शिकायचा टाका, म्हणजे लहान उथळ तलाव, बांधा. 15 बाय 8 मीटर, सव्वा मीटरच्या आत खोल. पाणी सव्वा लाख लिटरच्या आसपास लागेल. उडी मारायच्या फळ्या शहराला लखलाभ!

आणि वर्गणी बांधकामासाठी मागूच नका, चालवण्यासाठी मागा. आधी मुदत ठेव, मग भूमिपूजन. 20 लाखांची ठेव 7 टक्क्यांनी धरली तर वर्षाला 1 लाख 40 हजार येतात. एका जीवरक्षकाचा पगार त्यात जेमतेम बसेल. बायकांची बॅच हवी असेल, आणि ती हवीच, तर बाई जीवरक्षकही लागेल. तो पगार, क्लोरीन, फिल्टरच्या मोटारीची वीज हे सगळं फीमधून निघायचं. निघणार नसेल तर ठेव वाढवा किंवा टाका आणखी लहान करा.

वर्गणी जूनमध्ये काढू नका बाप्पा. तेव्हा हातातला पैसा बियाण्यात असतो. कापूस विकला की डिसेंबर-जानेवारीत घरोघरी जा. पुण्या-नागपूरला गेलेल्या आपल्या लोकांकडून मात्र रोख घेऊ नका. संस्थेला 80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता, असली तरी 2 हजारांवरच्या रोख देणगीला ती सूट नाही, पैसे खात्यावरच मागवा.

अंदाजपत्रकात जीएसटी 18 टक्के आहे ना, ते बघा; कोटीच्या कामावर 18 लाख शेवटी कोणी देत नाही. दुसरं, आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. माती काढून खाली मुरूम दाबून भरायचा खर्च धरलेला हवा, नाहीतर पहिल्याच वर्षी तळाला तडे. भर पावसाळ्यात टाका रिकामाही करू नका, खालच्या पाण्यानं तळ उचलला जातो.

आणि कंत्राटदाराचं शेवटचं बिल. ते देण्याआधी गळती तपासा. टाका काठोकाठ भरा. टाक्यातल्या पायरीवर पाण्याची बादली ठेवा, दोन्हीकडे पातळीची खूण करा, सात दिवस कोणालाही उतरू देऊ नका. ऊन दोघांनाही सारखंच लागतं. टाक्याचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे, आणि ती बंद होईपर्यंत सरपंचांनी सही करायची नाही. कंत्राटदार चिडेल. चिडू द्या.