जॉर्ज इनमधलं दुपारचं जेवण आणि जिवंत बिअर

लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने खाली चालत निघालं की डाव्या हाताला एक बोळ लागतो, गर्दीत पटकन लक्षात येत नाही, पण आत शिरलात की समोर जॉर्ज इनचे लांबलचक लाकडी सज्जे दिसतात. १६७६ च्या आगीत साउथवर्कचा, म्हणजे याच परिसराचा, बराच भाग जळाला, त्यानंतर ही इमारत पुन्हा उभी राहिली. घोडागाड्यांच्या काळातली अशी सज्जेवाली सराई लंडनमध्ये आता ही एकच उरलीय, तीही अर्धवट, कारण रेल्वेवाल्यांनी बाकीच्या बाजू पाडून टाकल्या. फार वाईट वाटतं बघून. उरलेली बाजू १९३७ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे म्हणून वाचली.

आता इथे पब आहे. पबमध्ये वेटरची वाट बघत बसायचं नसतं, बारवर जायचं, टेबल नंबर सांगायचा, पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतःच घेऊन यायचा.

आता बारवरचे ते उंच दांडे बघा. बारमन दांडा खाली ओढतो तशी तळघरातल्या पिंपातून बिअर वर येते, वरून गॅसचा जोर अजिबात नाही, म्हणून फेस मऊ आणि बुडबुडे अगदी बारीक. पिंप ब्रूअरीतून येतं तेव्हा आतलं यीस्ट जिवंत असतं, बिअर तळघरातच तयार होते, गाळ खाली बसू द्यावा लागतो, साधारण ११ ते १३ डिग्रीवर सांभाळावं लागतं, आणि एकदा पिंप चालू केलं की तीनेक दिवसांत संपलेलं बरं. म्हणजे चांगल्या ग्लासचं अर्धं श्रेय तळघर सांभाळणाऱ्याचं, तो माणूस आपल्याला दिसतही नाही. साठच्या दशकात गॅसच्या जोराने पिंपातून काढायच्या केग बिअरने हे सगळं संपत आलं होतं, १९७१ मध्ये चार मित्रांनी अशी जिवंत बिअर वाचवायला कॅम्रा ही चळवळ सुरू केली आणि लोकांनी ती उचलून धरली.

शाकाहारी मंडळींनी एक विचारून घ्या, गाळ बसवायला बऱ्याच पिंपांत माशापासून काढलेलं आयझिंग्लास घालतात. ते न घातलेली बिअरही आता मिळते, थोडी गढूळ दिसते एवढंच.

पाइंट म्हणजे ५६८ मिली, पण चव बघायची असेल तर हाफच घ्या. आधी बिटर, म्हणजे कडसर तांबूस बिअर, साडेतीन-चार टक्के अल्कोहोलची, मग काळी पोर्टर, भाजलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, वास येतो. आणि आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल (एल हा बिअरचाच प्रकार), घेताना आपली मुंबई आठवायला हरकत नाही, कारण लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रूअरीतून भरपूर हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) घातलेली बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी कोलकात्याला, मुंबईला यायची, कित्येक महिन्यांचा प्रवास करून.

जेवायला काय? माझं मत विचाराल तर प्लाउमन्स लंच. जाड पाव, चेडर चीजचा मोठा तुकडा, व्हिनेगरमधला कांदा आणि काळपट आंबटगोड पिकल, आपल्या भाकरी-कांद्याच्या न्याहारीसारखं सरळ जेवण. रेशनिंग उठल्यावर पन्नाशीच्या दशकात चीजवाल्यांनी जाहिरात करून ते पबमध्ये रुजवलं. चेडरचा खारटपणा जिभेवर असताना बिटरचा घोट घ्या, कडूपणा एकदम गोलाई धरतो, हे खरंच करून बघण्यासारखं आहे. भूक मोठी असेल तर स्टीक अँड एल पाय आहेच, म्हणजे बिअरमध्ये शिजवलेलं बीफ पिठाच्या पारीत घालून भाजलेलं, बीफ चालत असेल तर.

आणि ग्लास आंबट लागला किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर संकोच न करता बारवर परत न्या, चांगल्या पबमध्ये काही न विचारता दुसरा भरून देतात.