बहात्तरच्या दुष्काळात हा पोटात होता

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या आजीला कुणाचंही वय विचारलं तरी ती कधी आकडा सांगायची नाही. "रझाकाराच्या वक्ताला ती पाळण्यात होती." "बहात्तरच्या दुष्काळात हा पोटात होता." मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत वयं अशीच मोजली गेली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीची जमीन हादरली आणि वय सांगायला आणखी एक खूण झाली.

मध्यंतरी जीवनक्रम संशोधनावरच्या, म्हणजे माणसाचं आयुष्य जन्मापासून म्हातारपणापर्यंत अभ्यासणाऱ्यांच्या, एका परिषदेला गेले होते. दोन दिवस आलेख बघत होते आणि सारखी आजी आठवत होती. संकट कोणतं, एवढंच विचारून भागत नाही. ते आलं तेव्हा माणूस किती वर्षांचा होता, हेही विचारावं लागतं, असं तिथे प्रत्येक जण आपापल्या परीने मांडत होता.

यासाठी हे लोक जे करतात ते सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. एकाच सुमारास जन्मलेली मुलं धरायची. त्यांना जन्मगट म्हणू. मग दर काही वर्षांनी त्याच माणसांकडे परत जायचं. उंची, वजन, शाळा, काम, लग्न, आजारपण, सगळं टिपत राहायचं. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांपैकी ५,३६२ जणांची अशी नोंद सुरू झाली आणि ती त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालत आली. ज्यांनी पहिली पानं लिहिली, त्यांना शेवटची पानं वाचायला मिळणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी लिहिली.

माझं मन अडकलं ते न्यूझीलंडमधल्या डनेडिन गावाच्या अभ्यासात. तिथली १,०३७ मुलं एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या काळात जन्मलेली. जरा ते महिने आठवा. त्याच महिन्यांत आपल्याकडे दिवस गेलेल्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या आणि पदरात सुकडी घेऊन घरी येत होत्या. डनेडिनच्या मुलांचे दात, फुप्फुसं, स्वभाव, सगळं आज नोंदलेलं आहे. पंचेचाळिसाव्या वर्षीही हयात असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक तपासणीला आले; परदेशी गेलेल्यांना विमानाने आणलं. आपली ती दुष्काळातली मुलं या डनेडिनकरांच्याच वयाची आहेत. त्यांच्यातल्या कुणाला साखर लवकर लागली, कुणाची शाळा का सुटली, हे घरच्यांना माहीत असेल. एकत्र लिहिलेलं मात्र माझ्या बघण्यात कुठे नाही, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९२९ नंतरच्या महामंदीत वाढलेल्या मुलांचे दोन गट ताडून पाहिले. एका गटातली मुलं मंदी आली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, दुसऱ्यातली अगदी लहान. घरची ओढाताण सारखीच होती. पण थोरल्यांनी घराला हातभार लावला आणि ती सावरली. धाकट्यांना, त्यातही मुलग्यांना, तिचा फटका जास्त बसला. बहात्तरला आपल्याकडेही एकाच घरात चौदा वर्षांचा मुलगा पाझर तलावाच्या कामावर माती उचलत होता आणि त्याचं भावंड आईच्या पोटात होतं. दुष्काळ एकच, पण दोघांच्या वाट्याला तो वेगवेगळा आला.

असं काम आपल्या मातीत होत नाही, असं मात्र समजू नका. १९९३ मध्येच, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी, पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने गरोदर बायांच्या नोंदी घ्यायला सुरुवात केली. बाळं सरासरी २.७ किलोची. दिसायला किडकिडीत, पण इंग्लंडच्या बाळांशी ताडून पाहिलं तर अंगात चरबीचं प्रमाण जास्त. मधुमेहाची तयारी पाळण्याच्याही आधी सुरू होते, हा विचार इथून बळकट झाला. आणि ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळं वरचेवर होती, त्यांची बाळं वजनाला बरी भरली. चुका, तांदुळजा, शेपू म्हणजे आपल्या बांधावरचंच धन की हो!

मराठवाड्यात खरी अडचण आहे ती माणसं पांगण्याची. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकरांसह उसाच्या फडावर जातात, ती पाडव्याच्या आगेमागे पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परततात. बीड जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीत मी वजनाची वही पाहिली. ऑक्टोबरपर्यंत आकडे, पुढे पाच-सहा महिने नुसत्या आडव्या रेघा. अभ्यासक याला गळती म्हणतात. पण त्या महिन्यांत लेकरू कोपीत वाढतच असतं. मराठवाड्याचा जन्मगट बांधायचा तर नोंद करणाऱ्याला टोळीमागे कारखान्यापर्यंत जावं लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि वहीला कमी लेखू नका. इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये १९११ पासून सुइणी आणि आरोग्यसेविकांनी बाळांची जन्माची आणि वर्षाची वजनं खातेवहीत लिहून ठेवली होती. कित्येक दशकांनी त्या वह्या डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती आल्या. वजनात कमी असलेली ती बाळं मोठेपणी हृदयविकाराने जास्त दगावली, हे त्यांनी १९८९ मध्ये दाखवलं. लिहिणाऱ्या बायांना याची कल्पनाही नव्हती.

बीडच्या त्या अंगणवाडीतल्या ताईंना मी विचारलं, "मधल्या महिन्यांचं काय करता?" त्यांनी वही उलटी केली. मागच्या पानावर पट्टीने स्वतःच रकाने आखले होते: कोणता कारखाना, कुणासंगं गेलं, परत आल्यावर वजन, आजारी पडलं होतं का. "छापील वहीत याला जागाच नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून आखली."

तुमच्या लेकरांची वजनाची, लसीकरणाची कार्डं ट्रंकेत असतील तर रद्दीत घालू नका, एवढं मागणं आहे. नमस्कार.