म्हण कुणाच्या तोंडची?

मंडळी, भाताची सुगी संपली, मळण्या उरकल्या, म्हणून आज वाचनालयाच्या या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. जुलैत बोलावलं असतंत तर समोर चार म्हातारी माणसं असती आणि ते बरोबरच झालं असतं, कारण जुलैत आपलं सगळं गाव रोप लावणीला चिखलात असतं.

विषय दिलात 'जुन्या म्हणी: सत्ता आणि काम'. मी तो माझ्या आजीपासून सुरू करतो. आजी घरात मराठी बोलायची, बाजारात कानडी, आणि रागावली की दोन्ही. मी उन्हं वर येईपर्यंत अंथरुणात दिसलो की ती म्हणायची, 'आळागि दुडि, अरसागि उण्णु.' कितीतरी वर्षं मला ही मराठीच म्हण वाटायची. आळु म्हणजे गडी, अरसु म्हणजे राजा. गड्यासारखा राब, राजासारखा जेव. यातला क्रम बघा. आधी गडी, मग राजा. आणि राजेपण कुठे, तर जेवणाच्या ताटावर, तेवढ्यापुरतं. दुसऱ्याला हुकूम सोडण्याची गोष्टच त्यात नाही.

आपल्या मराठीत 'उद्योगाचे घरी रिद्धी सिद्धी पाणी भरी' आहे. देखणी म्हण आहे, पण जरा लांबून बोलते. रिद्धीसिद्धी पाणी भरताना कुणी बघितल्या आहेत? कानडी म्हण शेतातच उभी असते: 'कै केसरादरे बायि मोसरु.' हाताला चिखल लागला तर तोंडाला दही. केसरु, मोसरु. ज्यांनी रोपं लावली आहेत त्यांना हा चिखल माहीत आहे. पाठीवर इरलं, कंबर मोडलेली, कोपरापर्यंत गारा, आणि आठवड्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या. रात्री त्यावर खोबरेल लावताना आजी तोंडातून आवाज काढायची नाही, फक्त बोटं आखडून घ्यायची. त्या बोटांचा रंग मला अजून आठवतो. पांढरट, भिजलेल्या कागदासारखा.

आता माझा प्रश्न. हात कुणाचा आणि तोंड कुणाचं? म्हण धरून चालते की दोन्ही एकाच अंगाचे आहेत. आमच्या घरी ते तसे नव्हते. आम्ही कुळं. चिखल आमच्या हाताला, दही मालकाच्या तोंडाला. ही म्हण मालकाने कुळाला ऐकवली तर तो दमदाटीचा शब्द होतो, आणि आजीने नातवाला ऐकवली तर मायेचा. शब्द तेच. म्हणून म्हणतो, म्हण ऐकली की आधी विचारावं, ही कुणाच्या तोंडची?

1 मार्च 1974 पासून कर्नाटकात जमीन सुधारणेचा दुरुस्त कायदा लागू झाला. कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरायचा आणि कसत असलेल्या जमिनीचा हक्क मागायचा. तिकडे महाराष्ट्रात 'कसेल त्याची जमीन' म्हणत होते, इकडे 'उळुववने होलदोडेय'. म्हणजे नांगरणारा तोच शेताचा धनी. आजोबांनी त्या फॉर्मवर अंगठा उठवला. निकाल लागल्यावर आजीने काय केलं असेल? दह्याचं विरजण लावलं. तिने कुणाला काही समजावून सांगितलं नाही. पण चिखलाचा हात आणि दह्याचं तोंड त्या दिवशी एका अंगावर आले, हे तिला कळलं होतं असं मी समजतो.

आता दुसऱ्या तऱ्हेच्या म्हणी बघू. 'बळी तो कान पिळी.' 'सत्तेपुढे शहाणपण चालत नाही.' पुष्कळ लोक या म्हणी शिकवण म्हणून सांगतात. मला ते मान्य नाही. कान पिळणाऱ्याला म्हणीची गरजच पडत नाही, तो कान पिळून मोकळा होतो. म्हण सुचते ती कान लाल झालेल्याला. ती एका माणसाने दुसऱ्याला दिलेली खबर आहे, की बाबा, तिकडे असं चालतं, सांभाळून जा. खबरीची शिकवण झाली की घात होतो. मग बाप पोराला सांगतो, सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, गप बस. आणि पोरगा जन्मभर गप बसतो.

आमच्या वडिलांचंच सांगतो. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो, हे इथे कुणाला सांगायला नको. कचेरीचे कागद कानडीत येऊ लागले. वडिलांची शाळा मराठी. उताऱ्यावर नाव चुकीचं चढलं होतं, तेही त्यांना दुसऱ्याने वाचून दाखवल्यावर कळलं. दुरुस्तीसाठी पाच खेपा झाल्या. साहेब नाहीत, कारकून जेवायला गेलाय, पुढच्या सोमवारी या. पाचव्या खेपेला ते भिजून परत आले आणि सोप्यात बसून म्हणाले, 'राजानं मारलं आणि पावसानं झोडपलं, तर दाद मागायची कुणाकडं?'

आई चुलीपुढे होती. तिने मागे न बघता सांगितलं, 'राजानं कुठं मारलंय? देणाऱ्याचं जातं आणि कोठावळ्याचं पोट दुखतं, त्यातलं हे.'

मंडळी, या उत्तराचा मी आयुष्यभर विचार करत आलो आहे. वडिलांची म्हण आभाळाकडे हात करणारी होती. तिच्यापुढे करण्यासारखं काही उरत नव्हतं. आईच्या म्हणीने बोट नेमक्या जागी ठेवलं. राजाने, म्हणजे कायद्याने, हक्क दिलेलाच आहे. धान्य आहे, कोठार आहे, पण कोठावळ्याचं, म्हणजे कोठाराच्या किल्लीवाल्याचं, पोट दुखतंय. म्हणजे भांडण राजाशी नाही, किल्लीवाल्याशी आहे, आणि किल्लीवाल्याला वर कुणीतरी विचारणारा असतो. सहाव्या खेपेला वडिलांनी एकच गोष्ट मागितली: काम का होत नाही ते लिहून द्या. लिहून कुणी दिलं नाही. नाव दुरुस्त झालं, पण त्यातही आणखी एक पावसाळा गेला.

'आपला हात जगन्नाथ' ही म्हण तर दोन्ही बाजूंची आहे. माझी मावशी निपाणीला बिड्या वळायची. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजार बिड्यांमागे. सुपातल्या बिड्यांवर तिची बोटं अशी फिरायची की जणू ती त्यांच्याशी बोलते आहे. आणि ती म्हणायची, आपला हात जगन्नाथ. म्हणजे, मी कुणाच्या दारात उभी राहत नाही. बिड्या घेऊन गेली की मोजणारा त्यातल्या मूठ-दोन मूठ खराब ठरवून, छाट म्हणून बाजूला काढायचा. छाटीचे पैसे नाहीत, आणि ती परतही मिळायची नाही. छाट किती काढायची हे त्याच्या हातावर. तोही जगन्नाथच. एकच म्हण, एकदा राबणाऱ्या हाताची आणि एकदा ओरबाडणाऱ्या. त्याच निपाणीला 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे उभं राहून पुणे-बंगळूर रस्ता अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हा मावशी म्हणाली होती, शेतकऱ्याच्या भावाचं आज बोलतायत, छाटीचं कधी बोलणार?

शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या काळातल्या शिवभक्तांच्या, परंपरेतली एक गोष्ट आपल्या भागात घराघरात सांगतात, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाराव्या शतकातला मारय्या सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करायचा. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त वेचून आणले. बायको लक्कम्मा म्हणाली, हाव राजाला असते, शिवाच्या भक्ताला कशाला? जास्तीचे परत टाकून ये. आणि तो गेला. 'कायकवे कैलास', काम हाच कैलास, हे आपण भिंतीवर लिहितो. पण त्या घरात शेवटचा शब्द बायकोचा होता, हे भिंतीवर नसतं.

काही म्हणी मी आज मुद्दाम म्हणत नाही. जातीचं नाव घेऊन हिणवणाऱ्या, बाईची अक्कल काढणाऱ्या. जुन्या आहेत म्हणून त्या जपायला पाहिजेत असं मला वाटत नाही. ज्याला हिणवलं त्याच्या तोंडून त्या कधी ऐकल्यात का, एवढंच विचारून बघा.

याउलट 'माडिद्दुण्णो महाराया' मला फार आवडते. आपलं 'करावे तसे भरावे' कुणाचंच नाव घेत नाही. कानडी माणूस थेट हाक मारतो: केलंस ते खा, महाराया! जाणकार म्हणतील, महाराया हा नुसता लाडाचा, तालाचा शब्द आहे. असेल. पण हाक मारायला राजाच सापडला, हे मी सोडून देणार नाही. राज्य करणं हेही एक काम आहे, आणि त्याचीही छाट निघू शकते, असं त्या हाकेत मला ऐकू येतं.

शेवटी कुंपण. 'कुंपणानेच शेत खाल्लं' आपण म्हणतो. कानडीत 'बेलिये एद्दु होल मेय्दंते': कुंपणच उठलं आणि शेत चरलं. कानडी कुंपण जनावरासारखं उठतं, धावून येतं, ते दिसतं तरी. मराठी कुंपण जागचं हलत नाही. आमच्या बांधावर घायपात आहे. ढोरं येऊ नयेत म्हणून आजोबांनी लावलेली. तिला दरवर्षी आतल्या बाजूने पिल्लं फुटतात. पहिल्या वर्षी वीतभर, दुसऱ्या वर्षी हातभर. नांगर तिथून थोडा आत वळतो, बैलाला काटा लागू नये म्हणून, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. वडील होते तोवर भात निघाल्यावर कोयता घेऊन ते काम करायचे. ते गेल्यावर माझ्याकडून राहून गेलं, वर्षं गेली. यंदा मी आणि माझी मुलगी, दोघांनी चार दिवस ती पिल्लं खणून काढली. हात सोलून निघाले. बांधाच्या कडेने दोन पावलं रुंद जमीन मोकळी झाली, काळी, अजून ओल धरलेली. मुलीने तिथे मसूर पेरलाय. परवा बघितलं तर उगवलाय.